ज्यांच्या नावावर अकाउंट होतं

त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील.

"मॅडम, आई ओटीपी देत नाहीये," तो म्हणाला.

मला वाटलं, त्यांना बरं नसेल. तसं विचारलं तर म्हणाला, "तब्येत ठणठणीत आहे. देणार नाही म्हणतेय. तुम्ही तो रजिस्टर्ड नंबरच बदलून टाका ना. माझा टाका."

जुन्या नंबरवर आलेला ओटीपी दिल्याशिवाय नवा नंबर लागत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी मी सांगितलं. तो म्हणाला, "मग तुम्ही जाऊन समजावा. तुमचं ऐकेल ती."

मी डोंबिवलीत घरी बसून ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलवरची लोकांची सेलर अकाउंट सांभाळते. त्याआधी आठ वर्षं ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, ऑनलाइन विक्रेत्यांच्या तक्रारी फोनवर ऐकून घेणाऱ्या एका ऑफिसात होते. ते ऑफिस दुसऱ्या शहरात हललं आणि आमच्यातले बरेच जण घरी बसले. ओळखीच्या दोन विक्रेत्यांनी विचारलं, आमचं काम घरून कराल का. तिथून सुरुवात झाली. फोटो चढवायचे, किमती बदलायच्या, परत आलेल्या मालाचे दावे लावायचे, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. प्रत्येक अकाउंटला एक मालक असतो. तो बाकीच्यांना आत घेतो. कोणाला नुसतं बघायला, कोणाला बदलायलाही. मी अशी वीस-बावीस अकाउंटांत आत घेतलेली बाई आहे. मालकांपैकी निम्म्यांना मी कधी पाहिलेलंही नाही, कारण कागदावरचा मालक एक असतो आणि फोन करणारा दुसरा.

हे अकाउंट त्यातलंच होतं. मुलगा ठाण्यात एका खाजगी कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. नेमणुकीच्या पत्रात दुसरा धंदा करायचा नाही असं कलम होतं, म्हणून त्याने आईच्या पॅनवर जीएसटी नंबर काढला आणि आईच्याच नावाने अकाउंट उघडलं. विठ्ठलवाडीला एक छोटा गाळा भाड्याने घेतला. तिथे दोन बायका मशीनवर बसून वॉशिंग मशीनची, फ्रिजची, मिक्सरची कव्हरं शिवायच्या. आई कोपरीत एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली. मालक ती, आणि तिचं काम एवढंच की मुलाचा फोन आला की मोबाइलवर आलेले सहा आकडे वाचून दाखवायचे. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग अकाउंट बंद पडलं. वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीने तक्रार केली की आमचं नाव आणि चिन्ह वापरून कव्हरं विकली जातायत. पोर्टलने सगळा माल उतरवला आणि अकाउंट सस्पेंड केलं. अपील करायची सोय असते. मी एक अपील लिहून दिलं, मुलाने आईकडून ओटीपी घेऊन ते भरलं, तीन दिवसांत ते फेटाळलं गेलं. यात विशेष काही नव्हतं. पहिलं अपील बहुतेक वेळा फेटाळलंच जातं. दुसरं भरायच्या आत त्या कंपनीच्या वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टाने कोपरीला येऊन पोचली. पोस्टमनने बाईंची सही घेऊन ती बाईंच्याच हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोपरीला गेले. स्टेशनपासून पाच मिनिटांवरची जुनी तीन मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावरचं घर. दार उघडणाऱ्या बाई सत्तरीला आलेल्या, सुती साडी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "हो, तुमचं नाव मी ऐकून आहे. या."

टेबलावर नोटीस होती, प्लास्टिकच्या पाकिटात. अडलेल्या इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीने बारीक रेघा होत्या आणि समासात त्यांचे अर्थ लिहिलेले होते. समजवायला आल्यासारखं मी बोलायला सुरुवात केली. असं बऱ्याच विक्रेत्यांचं होतं, घाबरायचं कारण नाही, वगैरे.

त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मी घाबरलेली नाही. यात लिहिलंय की मी बनावट माल विकते. मी काय विकते ते मला माहीत नाही. तेव्हा आधी मला माझं दुकान दाखवा."

"म्हणजे अकाउंट?"

"जे काय म्हणत असाल ते. ओटीपी मी वाचीन आणि मीच घालीन."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी मोबाइल समोर धरून सहा आकडे एकेक करून दाबले, आणि आम्ही आत गेलो. उजव्या कोपऱ्यात त्यांचं पूर्ण नाव आलं, नवऱ्याच्या नावासकट. त्या बराच वेळ त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे असंच दिसतं? सगळ्यांना?"

"गिऱ्हाइकांनाही दिसतं. विक्रेता म्हणून."

माल उतरवलेला असला तरी जुनी पानं बघता येतात. मी एकेक उघडत गेले. कव्हरांचे फोटो बरे होते, पण वर वस्तूच्या नावात त्या कंपनीचं नाव घातलेलं होतं आणि चार-पाच फोटोंवर कोपऱ्यात त्यांचं चिन्हही चिकटवलेलं होतं. अमुक कंपनीच्या मशीनला बसेल असं लिहिलं असतं तर चाललं असतं. इथे कव्हरच त्या कंपनीचं आहे असं वाटावं, अशी सगळी मांडणी होती. गिऱ्हाईक शोधताना कंपनीचं नाव टाकतं, म्हणून विक्रेते असं करतात. मी त्यांना तेवढं सांगितलं.

"हे कोणी केलं ते यात कळतं?"

कळतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद असते. मी ती उघडली आणि पुढे काय दिसणार ते माझ्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. त्या सगळ्या ओळींपुढे एकच नाव होतं.

"हे तुमचं नाव ना?" त्यांनी विचारलं.

"हो. एक्सेलची फाइल तुमच्या मुलाने पाठवली होती. मी ती चढवली."

"वाचली होती?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीला खाली बसवावं तशा पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मी मात्र पुढची काही मिनिटं जे बोलले ते मला आठवत नाही. एका दिवसात मी अशा पाच-सहा फाइली चढवते. दोनशे ओळी असतात. वाचायला घेतलं तर काम उरकणार नाही, हे खरं आहे. पण त्या दिवशी ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग त्या अभिप्रायांवर गेल्या. चार वर्षांचे अभिप्राय होते, काही चांगले, बरेच वाईट. पहिल्या धुण्यात शिवण उसवली. माप चुकीचं. चेन अडकते. प्रत्येकाखाली उत्तर होतं, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

"सगळ्यांना एकच उत्तर आहे," त्या म्हणाल्या.

"तयार मजकूर असतो तो. मीच टाकते."

"चेन अडकते हे मुलाला कळवलंत कधी?"

"एक-दोनदा."

ती पूर्ण दुपार आम्ही वाचत बसलो. त्यांनी शाळेतल्या वहीसारख्या एका वहीत तक्रारी लिहून घेतल्या. शिवण, माप, चेन, रंग असे चार रकाने पाडले. मध्येच चहा केला. चहा पिताना सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "शेजारच्या बाईंना मी सांगायचे, माझ्या मुलाचा रोज फोन येतो म्हणून. तसा तो यायचाच. आता चार दिवस झाले, नाही आला."

मी कप खाली ठेवून पुढचा अभिप्राय उघडला. त्यांना उत्तर हवं होतं असं वाटलं नाही.

निघण्याआधी त्यांनी माझं पहिलं अपील वाचायला मागितलं. त्यात लिहिलं होतं की ही चूक आमच्या एका माजी कर्मचाऱ्याकडून झाली असून त्याला कामावरून काढलेलं आहे.

"हा कोण?"

"असं लिहायची पद्धत आहे."

"आमच्याकडे कर्मचारी नव्हता. मुलगा होता, आणि तुम्ही होता. आणि मी." त्यांनी कागद घेतला. "मी मराठीत लिहिते. तुम्ही इंग्रजी करा. शब्द बदलू नका."

दीड पान झालं. त्यात म्हटलं होतं की अकाउंट माझ्या नावावर आहे पण मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं. नाव आणि चिन्ह आमच्याकडून वापरलं गेलं आणि ते चूक होतं. आधीच्या अर्जात ज्या कर्मचाऱ्याचा उल्लेख आहे तो अस्तित्वात नाही. इथून पुढे माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय काही चढणार नाही. खाली काढून टाकायच्या सगळ्या वस्तूंची यादी. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की आधीचा अर्ज खोटा होता असं लिहिलं तर अकाउंट कायमचं जाऊ शकतं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं आणि पाठवलं. तशीच माफी त्यांनी वकिलालाही लिहिली आणि ते पत्र स्वतः पोस्टात टाकून आल्या.

अकरा दिवसांनी अकाउंट उघडलं. पत्रामुळे उघडलं का, मला माहीत नाही. दुसरं अपील कधीकधी खरोखरच एखादं माणूस वाचतं. कधीकधी तयार मजकुरावरही अकाउंट उघडतं. वकिलाकडून पुन्हा काही आलं नाही.

अकाउंट उघडल्याचा मेल मुलालाही गेला होता. त्या रविवारी तो कोपरीला आला, आणि बाईंनी मलाही बोलावून घेतलं होतं. तो आल्याआल्या मला म्हणाला, "मॅडम, थँक्यू हां. चला, आता सोमवारपासून माल परत चढवू."

बाई म्हणाल्या, "बस आधी. यांच्याकडून मी काही शिकून घेणार आहे, तेही बघ."

त्यांना युजर आणि परवानग्या समजून घ्यायच्या होत्या. मी पान उघडलं. युजर तीन होते. त्या स्वतः, मुलगा आणि मी. मुलाला आणि मला सगळीकडे बदल करायची मुभा होती. माल, किंमत, ऑर्डर, बँकेचा तपशील, नवे युजर घेणं, सगळं. त्या एकेक ओळीवर बोट ठेवून विचारत होत्या, हे काय, याने काय होतं, हे काढलं तर काय अडेल. मुलगा आधी मोबाइल बघत बसला होता. हळूहळू त्याच्या लक्षात आलं.

"आई, तू नक्की काय करतेयस? अगं धंदा माझा आहे."

"धंदा तुझा असेल. सही माझी आहे."

"मी काय फसवतोय का तुला?"

"तसं मी म्हटलं नाही. तू मला विचारलं नाहीस, एवढंच म्हणते. चार वर्षांत एकदा दाखवलं असतंस तर चिन्ह लावू नको म्हणून मीच सांगितलं असतं."

"तुला यातलं काय कळणार होतं?"

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग त्या मला म्हणाल्या, "याला ऑर्डर आणि माल पाठवण्याचं पूर्ण द्या. माल चढवायचं नुसतं बघायला. बँक आणि युजर माझ्याकडे राहू द्या."

परवानग्या बदलण्यापेक्षा जुना युजर काढून नवं आमंत्रण पाठवणं सोपं पडतं. बटण त्यांनीच दाबलं. आधी प्रश्न आला, या व्यक्तीचा प्रवेश कायमचा काढायचा आहे का. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि हो केलं. मुलाच्या खिशातला मोबाइल वाजला. त्याने तो काढून बघितला नाही. "मग तूच चालव," म्हणाला आणि चपला घालून गेला. त्याच्यासाठी केलेले पोहे ओट्यावर झाकून ठेवलेले होते.

नवं आमंत्रण त्याच संध्याकाळी गेलं. ते सात दिवसांत स्वीकारावं लागतं, नाहीतर रद्द होतं. बाईंचा रोज सकाळी मला फोन यायचा. "स्वीकारलं का हो त्याने?" त्यांना स्वतःला ते पान उघडता येत होतं, तरी मला विचारायच्या. मी बघून सांगायचे, अजून नाही. आठव्या दिवशी ते रद्द झालं.

त्या आठवड्यात विठ्ठलवाडीचा गाळा बंद होता. शिवणाऱ्या दोघींपैकी एकीने मुलाला फोन करून विचारलं, त्याने आईला विचारा म्हणून सांगितलं, आणि ती खरोखरच कोपरीला आली. बाईंनी तिला वही दाखवली. तिने सांगितलं की चेन अडकते कारण सर स्वस्तातली आणतात, आणि शिवण उसवते कारण एका कव्हरला जेवढा दोरा धरलाय त्यात दुहेरी शिवण बसत नाही. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी दुसरं आमंत्रण पाठवलं. या वेळी त्याआधी मुलाला एक मेसेजही केला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या कोणाच्या ऑर्डरी बघत असताना नोटिफिकेशन आलं की आमंत्रण स्वीकारलं गेलं आहे. मी त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हो, पाहिलं मी," आणि लगेच ठेवला.

पुढे अकाउंट हळू चाललं. पूर्वी शंभरावर वस्तू होत्या, आता अठरा. बाई प्रत्येक पान स्वतः वाचायच्या आणि मगच मला चढवायला सांगायच्या. मराठीतलं वर्णन त्या लिहायच्या, साधं आणि शुद्ध; कव्हर कुठल्या मशीनला बसणार नाही हेही त्यात असायचं. मी म्हटलं, असं कोणी लिहीत नाही. त्या म्हणाल्या, मग परत येणारा माल कमी होईल. तो झाला. विक्रीही कमी झाली. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना त्या स्वतः उत्तरं द्यायच्या. एका बाईला त्यांनी मशीन कसं मोजायचं ते सात ओळींत समजावून लिहिलं होतं, आणि त्या बाईने खाली पुन्हा लिहिलं होतं की तुम्ही शिक्षिका आहात का.

मुलगा ऑफिसातून सुटला की गाळ्यावर जायचा आणि पाकिटं भरून पाठवायचा. आईशी आधी कामापुरतं बोलायचा, मग थोडं जास्त. पण पूर्वीसारखं झालं असं म्हणता येणार नाही. मला एकदा म्हणाला, "आई आता फोन करते ना, तर विचारते, रिटर्न का आला. मी जेवलो का ते नाही विचारत." तो हसत होता, पण त्याला ते लागलं होतं. मला वाटलं, मी यात पडायला नको. मी पडले नाही.

सातेक महिन्यांनी बाईंचा फोन आला. "उद्या तुम्हाला एक ईमेल येईल," त्या म्हणाल्या. "आधी सांगते म्हणजे वाईट वाटायचं नाही. आता मला जमतं सगळं. तुमचा युजर मी काढून टाकतेय."

"ठीक आहे," मी म्हटलं.

"तुम्ही नीट शिकवलंत."

ईमेल सकाळी आला. पोर्टलची दोन वाक्यं, आपला प्रवेश मालकाने काढून घेतला आहे, प्रश्न असल्यास मालकाशी संपर्क साधा. असे मेल मला बरेच येतात. कोणाचं पटत नाही, कोणी दुसरा माणूस ठेवतो. मी ते वाचून पुढे जाते. हा मी थोडा वेळ उघडा ठेवला. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. महिन्याचं एक काम गेलं म्हणून नव्हे. ते एकच अकाउंट होतं जिथे मी काय करते आहे ते कोणीतरी मन लावून बघत होतं.

त्यानंतर वर्षभराने मुलाने नोकरी सोडली आणि स्वतःच्या नावाने अकाउंट उघडलं. गाळा मोठा घेतला, आता पाच बायका शिवतात. मला त्याने विचारलं होतं, पण तेव्हा माझ्याकडे कामं जास्त होती. दुहेरी शिवण ठेवली आहे असं ऐकते. कंपनीचं नाव लावत नाही. अठराच्या जागी पुन्हा शंभर वस्तू झाल्या आहेत.

आईचं अकाउंट बंद करायचं ठरलं तेव्हा बाईंनी मला पुन्हा बोलावलं. बंद करायचं बटण त्यांना सापडत नव्हतं. ते लवकर सापडत नाही, मदतीच्या पानात आत कुठेतरी असतं. आधी सगळा माल उतरवला, शेवटची परत आलेली दोन कव्हरं पोचल्याची खात्री केली, मुलाचा युजर काढला. शेवटी बंद करण्याचं कारण विचारणारी यादी आली. विक्री कमी, शुल्क जास्त, दुसरं पोर्टल निवडलं, अशी आठ-नऊ कारणं होती. बाईंनी ती चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली.

"कुठलंही निवडलंत तरी चालतं," मी म्हटलं. "कोणी बघत नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागल्या. मी चहाचे कप उचलून आत ठेवून आले. परत आले तेव्हा त्यांनी 'इतर' निवडलं होतं आणि खालच्या चौकटीत, ती मराठी घेते का नाही याचा विचार न करता, खरं कारण लिहीत होत्या. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. लिहून झाल्यावर त्यांनी ते एकदा वाचलं, एक शब्द सुधारला आणि पाठवलं.